वस्तरा ठेवला, करणी धरली

आमच्या गावात मुलगा झाला की बायका आधी त्याची मूठ उघडून तळहात बघायच्या. रुंद असला की म्हणायच्या, "गवंडी आला गं!" झीसिसचा तळहात म्हणे इवलासा होता आणि बोटं लांबच लांब. त्याच्या आईने तेव्हाच कपाळाला हात लावला. एपिरसच्या या डोंगरात, गवंड्यांच्या गावात, असले हात घेऊन हा पोरगा करणार काय? पुढे त्याला यानिना शहरात एका लांबच्या काकाकडे धाडला, आणि तो न्हावी होऊन परत आला.

मी त्याच्याशी लग्न केलं ते तो न्हावी होता म्हणून. आता सांगायला काय हरकत आहे! माझ्या मैत्रिणींनी गवंडी केले. गवंड्यांच्या टोळ्या संत योर्गिसच्या सणाला, झाडांना पालवी फुटली की, खेचरांवर सामान लादून निघायच्या. त्या पार थेसालीपर्यंत जायच्या आणि शरदात संत दिमित्रीसच्या सणाला परत यायच्या. मधला सगळा उन्हाळा गावात बायका, म्हातारे आणि शेळ्या. माझा नवरा मात्र चौकात, चिनाराच्या झाडाखाली, खिडकीतून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. "अरेती, तुझी मजा आहे बाई," मैत्रिणी म्हणायच्या. "तुझ्या नवऱ्याच्या अंगाला साबणाचा वास येतो. आमच्यांच्या अंगाला खेचराचा."

आणि खरंच मजा होती. झीसिसचा हात पिसासारखा हलका. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सपसप घासून, अंगठ्याच्या नखावर धार बघून तो दाढीला लावायचा, तेव्हा गिऱ्हाईक बोलता बोलता डुलकी घ्यायचं. हिवाळ्यात टोळ्या परतल्या की दुकान भरून जायचं. चुलीपाशी बाकावर पाच-सहा जण तरी बसलेले असत. दगडाच्या गप्पा, मालकांच्या चुगल्या, कोणाचा कमान बांधताना अंगठा चेचला, कोणाची भिंत पहिल्याच पावसात पोट काढून उभी राहिली. गवंड्यांची आपली एक चोरबोली होती. कामावर मालक समोर उभा असला की त्याला कळू नये म्हणून ती वापरायची. दुकानात गप्पा रंगल्या की तीही सुरू व्हायची. झीसिस मान खाली घालून कात्री चालवायचा.

मग जर्मनीची वाट उघडली. आधी एक गेला, त्याने दोघांना बोलावलं, त्या दोघांनी आणखी चौघांना. रविवारी चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला उभं राहायला जागा मिळायची नाही, तिथे आता जमिनीच्या फरश्या दिसायला लागल्या. बाकावर बसायला माणसं उरली नाहीत. झीसिस सकाळी दुकान उघडायचा, आरसा पुसायचा, वस्तऱ्यांना धार लावायचा आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचा. मी कॉफी घेऊन गेले की म्हणायचा, "आज पाद्रीबाबा येतील बहुतेक." पाद्रीबाबांना तर छातीपर्यंत दाढी! ते कशाला येतात?

त्या वर्षी ईस्टरला माझा भाऊ ग्रिगोरिस जर्मनीहून आला. राखाडी सूट, चकचकीत बूट. सगळ्यांसाठी काही ना काही आणलेलं. जेवणं झाली, कोकराची हाडं चोखून झाली, तेव्हा त्याने माझ्या वडिलांच्या हातात एक खोका ठेवला. आत विजेवर चालणारं दाढीचं यंत्र होतं. वायर लावली तसं ते भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं. वडील घाबरून मागे सरकले, मग हळूच गालाला लावलं आणि लहान पोरासारखे हसायला लागले. सगळे झीसिसकडे बघायला लागले.

"काय रे झीसी," ग्रिगोरिस म्हणाला, "याला पगार द्यावा लागत नाही, आणि हा गप्पाही मारत नाही."

झीसिस हसला. यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "छान आहे," म्हणाला. "पण चहाड्या नाही सांगत, म्हणजे गावाला परवडायचं नाही."

हशा झाला. ग्रिगोरिसने मग त्याला बाजूला घेतलं. मी दाराआड उभी नव्हते, पण भांडी घासत होते आणि माझे कान चांगले होते.

"चल माझ्याबरोबर. कारखान्यात माणसं हवी आहेत. बहिणीला पण काम लावून देतो."

"आणि तिथे मी बोलू काय? मला त्यांची भाषा येत नाही."

"यंत्रासमोर उभं राहायला भाषा कशाला लागते?"

"मला लागते," झीसिस म्हणाला.

घरी आल्यावर तो खिडकीत बसून राहिला. मी विचारलं, "जायचं का?"

"तुला जायचंय?"

"मला नाही जायचं. पण इथे बसून खायचं काय?"

तो खिडकीतून बंद दुकानाकडे बघत होता. मग म्हणाला, "कोझमास मेस्त्रीच्या टोळीतून या वर्षी तिघे गेले जर्मनीला. त्याला माणसं नाहीत."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा मी हसले. हसू आवरेना. चाळिशी उलटलेला, दुकानात बसून पोट सुटायला लागलेला माझा नवरा, त्याची ती पियानो वाजवणाऱ्यासारखी बोटं! तो रागावला नाही. "हस," म्हणाला. "उद्यापासून सगळं गाव हसणार आहे. तू आधी हसून घे."

कोझमास मेस्त्री म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले गवंडी. बुटके, पाठीत किंचित वाकलेले, भुवया अशा की त्यांनाही कात्री लावावी लागायची. टोळी निघण्याच्या आधीच्या शनिवारी ते दाढीला आले. झीसिसने फेस लावला, मान मागे केली, गळ्यावर वस्तरा ठेवला आणि तिथेच थांबला.

"मेस्त्री, मला टोळीत घ्या."

कोझमासनी डोळे उघडले. मान हलवायची सोय नव्हती. "वस्तरा गळ्यावर ठेवून मागतोस होय रे?"

"एरवी तुम्ही माझं ऐकून घेतलं नसतं."

"नाही म्हटलं तर?"

"तर दाढी पूर्ण करीन आणि घरी जाईन."

"मग आधी दाढी पूर्ण कर," मेस्त्री म्हणाले. दाढी झाली, गरम फडकं झालं, तुरटी फिरवून झाली. मेस्त्री उठले, आरशात बघितलं, गालावरून हात फिरवला. "एवढा हात असलेला माणूस घमेलं उचलणार? लाज वाटते रे मला." मग टोपी घातली. "बिगारी म्हणून येशील. माल कालवायचा, दगड वाहायचा. कामावर मला मेस्त्री म्हणायचं, मी तुला न्हावी म्हणणार नाही. बाकीचे म्हणतील, त्याला माझा इलाज नाही. आणि रडायचं असलं तर खेचरापाशी जाऊन रडायचं."

अशी माझी मजा संपली. संत योर्गिसच्या सणाला मीही इतर बायकांबरोबर गावाच्या वेशीवर उभी राहिले. माझ्या मैत्रिणींनी मला मध्ये घेतलं. एकीने माझ्या दंडाला धरलं ते टोळी वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही.

पुढचं मला मिल्तोसने सांगितलं. मिल्तोस टोळीतला हुशार गवंडी, झीसिसपेक्षा बराच तरुण, जीभ मात्र वस्तऱ्याहून धारदार. झीसिसला त्याने फार छळलं. तो ते स्वतःच हसत हसत सांगायचा, आणि झीसिसही शेजारी बसून ऐकायचा.

पहिलं काम प्लाताना नावाच्या गावात होतं. एका धनगराचं दुमजली घर. झीसिस पाठीवर लाकडी पाटी बांधून, तीत दगड भरून फळीवरून परांचीवर चढायचा. दुपारपर्यंत तो प्रत्येक फेरीला फळीच्या मध्यावर थांबायला लागला. मिल्तोस वरून त्याच्याकडे बघत होता. घरमालक खाली उभा होता, म्हणून मिल्तोस चोरबोलीत दुसऱ्याला म्हणाला, "या न्हाव्याच्या पाटीत जरा मोठे दगड टाका. संध्याकाळी बायकोकडे पळेल, आपली कटकट मिटेल."

झीसिसने पाटी उतरवली. घाम पुसला. आणि त्याच चोरबोलीत, एक शब्द न चुकता म्हणाला, "टाका की. फक्त एवढं लक्षात ठेवा, रविवारी चर्चच्या आधी दाढ्या मीच करणार आहे."

मिल्तोस सांगायचा, परांचीवर अशी शांतता झाली की खाली खेचर शेपूट हलवत होतं ते ऐकू आलं. मग कोझमास मेस्त्री हातातली माल थापायची करणी टाकून हसायला लागले. त्यांना ठसका लागला.

"ही बोली तुला कोणी शिकवली रे?"

"तुम्हीच. इतकी वर्षं तोंडाला फेस लावून माझ्यासमोर बोलत होतात. तुम्हाला वाटलं न्हाव्याला कान नसतात?"

त्या दिवसापासून त्याच्या पाटीत मोठे दगड कोणी टाकले नाहीत. लहानही टाकले नाहीत, सगळ्यांसारखेच टाकले. झीसिस म्हणायचा, "टोळीत घेतलं ते त्या दिवशी. वेशीवर नव्हे."

संत दिमित्रीसच्या सणाला परतला तेव्हा मी त्याला लांबून ओळखलंच नाही. पोट गेलेलं, मान काळी पडलेली, चालणं जड. घरात आल्यावर त्याने माझ्या गालाला हात लावला आणि मीच दचकले. कानस फिरवावी तसा तो हात लागला. त्याला कळलं. त्याने हात मागे घेतला आणि त्याकडे असा बघत राहिला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा होता. त्या हिवाळ्यात रोज जेवण झाल्यावर मी ऑलिव्हचं तेल कोमट करायचे आणि त्याच्या भेगांना चोळायचे. तो बडबडायचा. न्हाव्याची बडबड गेली नव्हती, विषय बदलला होता. दगड कसा निजवायचा, डोंगरात तो ज्या कुशीवर पडलेला असतो त्याच कुशीवर भिंतीत ठेवायचा, खालच्या सांध्यावर वरचा दगड बरोबर मधोमध यायला हवा. मला झोप यायची आणि तो आपला दगडांचे सांधे जुळवत बसायचा.

पण बिगाऱ्याला करणी कोण देतो? भिंतीला हात लावायचा तर आधी शिकायला हवं, आणि चाळिशीच्या माणसाला शिकवायला कोणाला वेळ आहे? मग त्याने आमच्या परसातला शेळ्यांचा गोठा पाडला. चांगला भला उभा होता तो!

"शेळ्या कुठे ठेवू?" मी ओरडले.

"स्वयंपाकघरात ठेव. चार दिवसांचा प्रश्न आहे."

चार दिवस कसले! नाताळ तोंडावर येईपर्यंत शेळ्या आमच्या तळघरात होत्या आणि त्यांचा वास माझ्या ब्रेडला यायचा. हा सकाळी दुकान उघडायचा, एखादी दाढी करायचा, आणि दुपारी परसात. मीच सुताचं दुसरं टोक धरायचे, मीच ओळंबा खिळ्याला टांगायचे. भिंत कमरेइतकी आली. दिसायला मोठी सुरेख. सगळे दगड लांबचे लांब, चेहरा गुळगुळीत, सांधे बारीक. मला वाटलं, वा, शिकला की माझा नवरा! त्याने कोझमास मेस्त्रींना बोलावून आणलं.

मेस्त्री आले. भिंतीसमोर उभे राहिले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं. मग पाय उचलला आणि बुटाच्या टाचेने एक धक्का दिला. भिंत आधी किंचित विचारात पडल्यासारखी झाली, आणि मग धडाड करून परसात पसरली. तळघरातून शेळ्या ओरडायला लागल्या.

"मेस्त्री!" मी किंचाळले. "आठवड्याची मेहनत आहे ही!"

"म्हणून तर आज पाडली, पोरी. शेळ्या आत असताना पडली असती तर तू मला जास्त शिव्या दिल्या असत्यास." मग ते खाली बसले आणि एक लांबट दगड उचलून झीसिसला दाखवला. "हा तू कसा ठेवलास? आडवा, लांब बाजू बाहेर. का? छान दिसतो म्हणून. तू दगडाचा चेहरा बघतोस. न्हाव्याची खोड. अरे, दगडाचा चेहरा थोडासाच बाहेर दिसला तरी चालतो. त्याची शेपूट भिंतीच्या पोटात जायला हवी, दुसऱ्या बाजूच्या दगडाला जाऊन भिडायला हवी. तुझ्या भिंतीचे दोन चेहरे होते आणि मध्ये पोट नव्हतं."

झीसिसचे कान लाल झाले होते. मेस्त्री गेल्यावर त्याने दगड पुन्हा वेगळे करायला घेतले. मीही खाली बसले. लांब एकीकडे, भरीचे दुसरीकडे, सांध्यात ठोकायच्या दगडी चिपांची टोपली वेगळी. कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मला तर आवडली होती."

"मलाही," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

दुसरी भिंत पडली. तिसरीला मेस्त्रींनी लाथ मारली तेव्हा नुसती धूळ उडाली. त्यांनी पुन्हा मारली. मग पाय चोळत म्हणाले, "शेळ्या आणा."

नाताळाच्या आदल्या दिवशी सगळं गाव दाढीला यायचं. गाव म्हणजे आता उरलेले म्हातारे, पण तरी रांग लागायची. त्या दिवशीही लागली. मी चुलीत लाकडं घालायला तिथेच होते. कोझमास मेस्त्री खुर्चीत बसले होते आणि झीसिस त्यांच्या हनुवटीखाली वस्तरा फिरवत होता. एकाएकी त्याचा हात थांबला. पांढऱ्या फेसातून लाल रेघ उतरायला लागली.

इतक्या वर्षांत झीसिसने कोणाला कापलं नव्हतं. लग्नाच्या सकाळी थरथरणाऱ्या नवरदेवांना नाही, मेलेल्यांना शेवटची दाढी करतानाही नाही. बाकावरचे उठून बघायला लागले. त्याने तुरटीचा खडा उचलला, तो हातातून निसटला. पुन्हा उचलला. त्याच्या बोटांच्या टोकांना आता दाढीची खुंटं कळत नव्हती, ते त्या क्षणी मलाही कळलं आणि त्यालाही.

"माफ करा, मेस्त्री."

कोझमासनी हनुवटीला हात लावला, बोटावरचं रक्त बघितलं. मग आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "झालास रे गवंडी."

बाकावरचे हसले, कोणीतरी चिपुरो दारूची बाटली काढली, पेले भरले गेले. झीसिसही हसला, प्याला. उरलेल्या दाढ्या त्याने फार सावकाश केल्या. सगळे गेल्यावर मात्र त्याने वस्तरे एकेक करून पुसले, तेल लावून कापडात गुंडाळले आणि मला म्हणाला, "पाद्रीबाबांना सांग, आरसा चर्चच्या खोलीत हवा असेल तर घेऊन जा म्हणावं." मला रडू आलं. त्या हलक्या हातावर भाळले होते मी, दुसऱ्या कशावर नाही. पण परसातली भिंत उभी होती, आणि तो टोळीबरोबर गेला की मी संध्याकाळी तिच्यावर हात ठेवून यायचे, तेही खरं.

पुढच्या वसंतात मेस्त्रींनी त्याला करणी दिली. नवी नव्हे, त्यांचीच जुनी, झिजून अर्धी झालेली. तरी कोपरा त्याला मिळायला आणखी काही उन्हाळे जावे लागले. भिंत कोणीही भरून काढेल, पण कोपरा धरणारा तो खरा मेस्त्री. सगळी भिंत त्याच्याकडे बघून सरळ उभी राहते. कोपरे कायम कोझमासच धरायचे, आणि सगळे समजून होते की त्यांच्यानंतर ते मिल्तोसकडे जाणार.

पण एका वर्षी मेस्त्रींचे गुडघे धरले. प्लातानालाच परत काम निघालं होतं, त्याच धनगराच्या थोरल्या मुलाचं घर. पाया भरून झाला. मेस्त्री कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "पुढचा कोपरा झीसिस धरेल."

मिल्तोसने हातोडी खाली टाकली. "परवापर्यंत साबणाचा फेस करणारा माणूस कोपरा धरणार? मग मी काय करू? ब्रश धरू?"

"तू मागचा कोपरा धर. तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे, मिल्तो. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

"मग?"

"तुला घाई आहे. दगड बसला नाही की तू चिप ठोकून बसवतोस. याला घाई नाही. हा दगड काढतो आणि पुन्हा बघतो. रस्त्यावरून दिसतो तो कोपरा मला चिपा ठोकून बसवलेला नकोय."

मिल्तोस दोन दिवस सगळ्यांपासून लांब बसून जेवला. आपला मागचा कोपरा त्याने असा काही उचलला की सूत लावून मेस्त्रींना चूक सापडेना. "रागाने बांधला मी तो," मिल्तोस सांगायचा. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कोपरा. आणि या न्हाव्याचाही वाईट नव्हता." हे तो माझ्या घरी, माझ्याच हातची भाजी भरलेली पिटा खात सांगायचा. तोवर दोघं भावासारखे झाले होते.

पुढे टोळ्या मोडल्या. सिमेंटच्या विटा आल्या, पत्रे आले. कोझमास मेस्त्री एका फेब्रुवारीत गेले. बर्फ इतका होता की थडग्यासाठी दगड आणायला खेचर जाईना, तेव्हा झीसिस आणि मिल्तोस खांद्यावर घेऊन गेले. त्यानंतर झीसिस लांब गेला नाही. गावच्या बांधांना, पाणवठ्यांना, कोणाच्या पडलेल्या आवाराला तोच. उन्हाळ्यात जर्मनीहून आलेले लोक आपल्या बापाची घरं दुरुस्त करायला त्याला बोलवायचे. ग्रिगोरिसनेही बोलावलं. "झीसी, यंत्र नाही का रे यासाठी?" मी विचारलं, ग्रिगोरिसला ऐकू जाईल अशा आवाजात.

प्लाताना मी कधी पाहिलं नव्हतं. गवंड्यांच्या बायका कामावर जात नसत. थेसालीच्या वाटेवरची ती सगळी गावं माझ्यासाठी नुसती नावं होती, उन्हाळ्यांची नावं. मग मिल्तोसच्या नातीचं लग्न तिथल्याच मुलाशी ठरलं. झीसिस तेव्हा ऐंशीला टेकलेला. आम्ही बसने गेलो. लग्नाला अवकाश होता, तर तो म्हणाला, "चल, पाय मोकळे करू." मला माहीत होतं पाय कुठे जाणार ते.

घर चढावरच होतं. दुमजली, दगडी पाट्यांचं छप्पर, अंगणात कपडे वाळत घातलेले. झीसिस रस्त्यातच उभा राहिला, हात मागे बांधून. आतून एक बाई आली. "कोण हवंय?"

हा लाजला. खरंच लाजला. मीच म्हटलं, "हे घर यांनी बांधलंय."

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगंबाई! मग छप्पर गळतं त्याचं काय?"

"छप्पर मी नाही केलं," झीसिस घाईने म्हणाला. "मी फक्त हा कोपरा."

तिने आम्हाला आत बोलावलं, बिही नावाच्या आंबटगोड फळाचा मुरांबा आणि थंडगार पाणी दिलं, आणि छपराची सगळी कहाणी ऐकवली. मग ती लग्नाच्या तयारीला लागली आणि आम्ही पुन्हा बाहेर आलो. दुपारचं ऊन त्या कोपऱ्यावर होतं. झीसिसने खालून तिसऱ्या थरातल्या एका दगडावर बोट ठेवलं.

"हा बघ. हा मी तीनदा काढला. मिल्तोस मागच्या कोपऱ्यावरून शिट्ट्या मारत होता."

"आणि हा?"

"हा सहज बसला. काही काही सहज बसतात." मग तो थोडा वाकला. "आणि हा चुकलाय. दिसतंय का तुला? थोडासा डावीकडे. मेस्त्रींना दिसला होता. काही बोलले नाहीत."

मला काही दिसलं नाही. मी तळहात भिंतीवर ठेवला. दगड उन्हाने कोमट झाले होते. मी वेशीवरून घरी परतायचे, शेळ्या सोडायचे, अंगण झाडायचे आणि संत दिमित्रीसच्या सणाची वाट बघायचे, त्या सगळ्या उन्हाळ्यांत माझा नवरा कुठे होता ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इथे उभा होता. हे करत होता.

खालून चर्चच्या बाजूने सनईसारखं क्लॅरिनेट वाजायला लागलं. झीसिसने टोपी सरळ केली.

"चल गं, अरेती. मिल्तोस वाट बघत असेल. उशीर झाला तर वर्षभर ऐकवेल मला."

आणि माझा हात धरून तो उतार उतरायला लागला.